तेलाची पंगत

तुळसाबाईच्या घरात सालं आकड्यांनी मोजत नाहीत. ही गोष्ट ज्या साली संगीताचं लग्न मोडलं आणि आठवड्याभरात त्याच पोराशी पुन्हा जुळलं, त्या सालची. संगीता म्हणजे तुळसाबाईची थोरली नात. लग्न मोडलं ते डीजेवरून. नवरदेवाकडच्यांना डीजे पाहिजे होता आणि आजोबा बापूराव सनईवर अडून बसले होते. जुळलं तेही डीजेवरूनच. डीजेवाल्यानं दुसऱ्याच गावची सुपारी घेतली, मग भांडायला काही उरलं नाही.

त्याच लग्नात हळदीच्या वेळी तुळसाबाई नातीजवळ खाली बसली, ती उठेचना. बायकांनी धरून आत नेलं तेव्हा सुनेला कळलं की सासूची गर्भपिशवी केव्हाचीच खाली सरकलेली आहे. जन्मभर डोक्यावर सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, अन् वांग्याच्या पाट्या वाहिल्या, त्याचं हे फळ. तुळसाबाईनं ते लुगड्याच्या गाठीत दाबून ठेवलं होतं आणि घरात कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता.

लग्न उरकलं तसं पोरानं, दिनेशनं, आईला रिठदहून वाशीमला आणून दवाखान्यात भरती केलं.

डॉक्टर म्हणाले, "पिशवी काढून टाकू. काही मोठं काम नाही. पण बीपी खाली आलं पाहिजे. भूल देणारे डॉक्टर अकोल्याहून शनिवारी येतात. तोपर्यंत उतरलं तर करू. नाही तर घरी जा, दिवाळीनंतर या."

तुळसाबाईला त्या बोलण्यातलं "दिवाळीनंतर" तेवढं ऐकू आलं. दिवाळीनंतर म्हणजे काय हे तिला चांगलं ठाऊक होतं. मृग तोंडावर आला होता. पेरणी, मग निंदण, मग सोयाबीन, मग हरभरा. दवाखान्यातून घरी गेलेली बाई परत येत नसते. आणि खरं म्हणजे धीर हा एकदाच धरता येतो. एवढ्या वर्षांनी धरला होता, तो सुटला तर पुन्हा काही हाती लागणार नव्हता. काही झालं तरी शनिवारी आपरेशन व्हायलाच पाहिजे, असं तिनं मनाशी पक्कं केलं. ते पक्कं केल्याबरोबर बीपी आणखी चढलं.

बायकांच्या त्या खोलीत खाटांच्या दोन रांगा होत्या. एक खिडकीकडची, एक दाराकडची. तुळसाबाई दाराकडच्या रांगेत. समोर खिडकीकडं मेहरबी. मेहरबी वाशीमचीच, बाजारात तिचं बांगड्यांचं दुकान. तिच्या पित्ताच्या पिशवीत खडे झाले होते आणि साखर उतरायची वाट पाहत ती पडली होती.

"तुमचं काय उतरत नाई?" पहिल्या दिवशी तुळसाबाईनं विचारलं.

"साखर. तुमचं?"

"बीपी."

"मंग बसा दोघी चढून," मेहरबी म्हणाली. इथून ओळख झाली.

सोमवारी सुचिता आली. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरची पोर. आईबाप दर साली ऊस तोडायला जायचे आणि पोर नर्सिंगचं मोठं शिक्षण घेत होती. तिचा अभ्यास असा होता, की ऑपरेशनच्या आधी बायकांच्या पायाला कोमट तेल लावून हळूहळू मालीश केली तर त्यांची काळजी कमी होते का, ते पाहायचं. तिनं सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. नको असलं तर नाही म्हणा, असंही सांगितलं. पण तांड्यावरची पोर इतकी शिकते म्हटल्यावर तिला नाही कोण म्हणणार? सगळ्यांनी हो म्हटलं.

"एका रांगेला मालीश, दुसऱ्या रांगेला फक्त विचारपूस," सुचिता म्हणाली. "कुणाला काय ते चिठ्ठी ठरवेल. आजी, तुम्ही काढा."

तुळसाबाईनं चिठ्ठी काढली. मालीशीला निघाली खिडकीकडची रांग.

"माह्याच हातानं काढली अन् माह्याच पानात नुसतं मीठ पडलं," ती म्हणाली.

मग सुचितानं विचारपूस सुरू केली. "आजी, शून्य म्हणजे मनात काहीच काळजी नाही. दहा म्हणजे काळजीनं जीव जातो की काय असं. तुमचा आकडा किती?"

"दहा."

नीट ऐकलं की नाही म्हणून सुचितानं पुन्हा विचारलं, "दहा?"

"बरं, नऊ लाव."

"आजी, नऊ की दहा?"

"तू काहून घासाघीस करून राह्यली व? घे आठ. आठाच्या खाली मले परवडत नाई."

तुळसाबाईचा यात काही दोष नव्हता. सारा जन्म भाजीबाजारात गेलेला. समोरच्यानं आपण सांगितलेला आकडा उलटून विचारला, की तो कमी करा म्हणतो आहे, एवढंच तिला माहीत. म्हणून ती आधीच चढवून सांगायची. सुचितानं डोकं खाजवून आठ लिहिले आणि समोरच्या रांगेत गेली.

"सहा," मेहरबी म्हणाली.

"सहा?"

"बोली न सहा. आपल्याकडं एक भाव असते."

मालीश सुरू झाली आणि नवंच झेंगट उभं राहिलं. पहिली खाट लिलाबाईची. सुचितानं तिच्या पायाला हात लावला, तशी लिलाबाई ताडकन उठून बसली. आमच्याकडं लेकीच्या पाया पडतात, लेकीला पाया पडू देत नाहीत. त्यातून ही कुमारिका. लिलाबाईनं कशीबशी मालीश सोसली आणि संपल्यावर खाटेवरून उतरून सुचिताच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आजी, असं करू नका. हे अभ्यासात बसत नाही."

"तुह्या अभ्यासात नसन बसत, माय. माह्या धर्मात बसते."

तेव्हापासून रोज असंच. सुचिता लिलाबाईच्या पायाला तेल लावायची आणि लिलाबाई सुचिताच्या पायाला कपाळ लावायची. त्या खाली वाकण्यानं लिलाबाईचं बीपी जे चढायचं, ते सुचिताच्या पट्ट्यात रोज सापडायचं.

मेहरबीचं वेगळंच. तिला गुदगुल्या होत. सुचिताचा हात तळव्याला लागला की ती अशी काही हसायची की बाहेरून सिस्टर बघायला यायची.

आणि दाराकडची रांग हे सगळं टक लावून पाहत बसायची. रोडग्याच्या पंगतीत समोरच्या रांगेच्या पानात तूप पडतं आहे आणि आपल्या रांगेत वाढपी नुसताच "बरं आहे ना, बरं आहे ना" विचारत फिरतो आहे, असं झालं म्हणजे माणसाचं जे होतं, ते त्या रांगेचं झालं.

तुळसाबाईनं सुचिताला गाठलंच. "पोरी, त्याहिले तेल अन् आमाले नाई, असं काहून?"

"आजी, काहींना द्यायचं, काहींना नाही. तेव्हाच कळतं की फरक पडतो का."

"हे तर मले आत्ताच सांगता येते. फरक पडला."

"काय पडला?"

"तिच्या पायाले तेल लागलं, माह्या पायाले नाई लागलं. हाच फरक."

मंगळवारी संध्याकाळी सुचितानं आकडे मांडले तर दोन्ही रांगांची काळजी वाढलेली. एका रांगेची मालीशीनं, दुसरीची मालीशीवाचून. तिनं कपाळाला हात लावला. इकडं डॉक्टरांनी सकाळीच तुळसाबाईचा पट्टा सोडत मान हलवली होती. "आजी, असंच राहिलं तर शनिवारी जमणार नाही."

त्यात तुळसाबाईचे मालक बापूराव डबा घेऊन आले. "घरी सगळं ठीक हाये," ते म्हणाले. मग खाटेच्या कडेला बसून डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. मग म्हणाले, "फक्त बकऱ्या मेथीत घुसल्या होत्या." आणखी थोड्या वेळानं म्हणाले, "आता मेथी नाई." आणि उठून बस पकडायला गेले. तुळसाबाई छताकडं पाहत पडली. घरी जावं तर मेथी नाही, इथं राहावं तर बीपी उतरत नाही.

बुधवारी दुपारी सुचिता जेवायला गेली, तशी मेहरबी तेलाची वाटी उचलून तुळसाबाईच्या खाटेवर येऊन बसली.

"पाय दे."

"कायले?"

"तू माह्या पायाकडं अशी पाहतं की तेल आत जातच नाई. वरच राह्यते. दे पाय."

"ती पोर नाई म्हणते न व. चिठ्ठी निघाली."

"चिठ्ठी तिच्या हातासाठी निघाली. माह्या हाताची कोणी काढली?"

तुळसाबाईनं चादर बाजूला सारली. मेहरबीनं आधी तिचे हात घेतले. जन्मभर बांगड्या भरलेली बाई ती, कडक हात कसा नरम करायचा हे तिच्या बोटांना न सांगता कळत होतं. मग पाय घेतले. तुळसाबाईच्या पायांना एवढ्या वर्षांत चिखल लागला होता, काटे लागले होते, तेल लागल्याचं तिला आठवेना.

"आता सांग," मेहरबी म्हणाली. "भेव कायचं हाये तुले?"

"भूल देल्यावर माणूस बडबडते म्हणते. माह्या तोंडातून ह्याइच्याबद्दल काही निघालं तर?"

"कोणाबद्दल?"

"ह्याइच्याबद्दल. मेथीवाल्याबद्दल."

मेहरबी हसली. "डॉक्टर आपल्या बायकोचं ऐकत नसन, तुह्यं कायले ऐकन? खरं बोल. एक भाव."

तुळसाबाईनं आवाज खाली आणला. "डोये उघडलेच नाई तर?"

"तर तुले थोडंच समजन? रडणं आमच्या मागं लागन. तुह्यं काय जाते?"

यात धीर देण्यासारखं काय होतं कोण जाणे, पण तुळसाबाईला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणीही आलं. कितीतरी दिवसांनी ती दुपारी झोपली.

जागी झाली तर बाजूच्या खाटेवरच्या मनकर्णाबाईनं आपला पाय चादरीबाहेर काढून ठेवला होता. काही बोलली नाही. नुसता काढून ठेवला. तुळसाबाईनं वाटीतलं तेल घेऊन तो चोळायला घेतला. मनकर्णाबाईनं पुढच्या खाटेवरचीचा घेतला. पंगतीत वाढत जावं तसं तेल रांगेच्या टोकापर्यंत गेलं. लिलाबाई तर खुशीनं मदतीला आली. बरोबरीच्या बाईचे पाय चोळण्यात पाप नव्हतं, आणि कुणाच्या पाया पडायचंही नव्हतं.

सुचिताला सांगायचं नाही, असं ठरलं. तिला वाईट वाटेल म्हणून. पोर इतकी मेहनत करते.

संध्याकाळी सुचितानं पट्टा बांधला तर तुळसाबाईचं बीपी उतरलेलं. तिनं दुसऱ्यांदा बांधला. उतरलेलंच. ज्या रांगेला काहीच दिलं नाही ती रांग अशी गार पडलेली, आणि जिला तेल दिलं ती तशीच तापलेली. बिचारी पोर त्या दिवशी जेवली नाही.

पण तुळसाबाईचं दुखणं वेगळं होतं. डॉक्टर यायचे सकाळी. ते दारातून दिसले की तिच्या छातीत धडधड सुरू. गुरुवारी सकाळी पुन्हा बीपी वर. डॉक्टर म्हणाले, "उद्याची सकाळ शेवटची, आजी."

"मेहरबी," ते गेल्यावर ती म्हणाली, "तुहा हात असला की उतरते, अन् डॉक्टरचा पाय दिसला की चढते. कसं करू व?"

मेहरबीनं विचार केला. "मंग उद्या दोन्ही सोबत येऊ दे."

शुक्रवारी सकाळी डॉक्टर आले, आणि सोबत सुचिताच्या शिकवणाऱ्या शुभांगी मॅडमही आल्या. उलटे आकडे पाहून त्याच खुद्द बघायला आल्या होत्या. तुळसाबाई खाटेच्या कडेला पाय खाली सोडून बसली होती. मांडीवरून चादर घेतलेली, ती थेट फरशीपर्यंत.

"थंडी वाजते?" डॉक्टरांनी विचारलं. वाशीमचा उन्हाळा तो, पंखा नुसता गरम वारा फेकत होता.

"थोडी थोडी."

मेहरबी खाटेखाली पाटावर बसली होती आणि तुळसाबाईचे दोन्ही तळवे तिच्या हातात होते. आत गरम होत होतं, गुडघे दुखत होते, पण हात चालू होते. डॉक्टरांनी पट्टा बांधला, फुगवला, सोडला. "अरे वा! एकदम चांगलं."

सगळी खोली श्वास धरून बसली होती, तो तिनं सोडला.

"आजी, आजचा काळजीचा आकडा?" सुचितानं विचारलं. मॅडम बाजूला उभ्या होत्या.

"आठ."

"आठ?"

"सात."

मॅडम पुढं झाल्या. "बीपी इतकं छान, आणि काळजी सात?"

"बरं, तुमी आल्या म्हणून साडेसहा."

"साडेसहा म्हणजे..."

"सहा. याच्या खाली एक..."

"अगे, एक भाव बोल न!" खाटेखालून आवाज आला. "दोन हाये तिचा! कालच मले दोन बोलली. एवढ्या मोठ्या बाईसमोर झूठ काहून बोलतं?"

डॉक्टरांनी वाकून चादर उचलली. खाली मेहरबी, तेलकट हात, घामानं डबडबलेली. "सलाम, साहेब," ती म्हणाली.

सुचिता खाली वाकली. "कधीपासून?" तिनं विचारलं.

"बुधवारपासून," लिलाबाई अभिमानानं म्हणाली. "तुह्या एका बाईचाही पाय सुटला नाई. साऱ्याइले बरोबर वाढलं."

पोर स्टुलावर बसली आणि रडायला लागली. "आजी, माहा सारा अभ्यास बुडवला तुमी." शिकलेली भाषा गळून तिच्या तोंडून गावची भाषा निघाली.

डॉक्टर हातात पट्टा घेऊन उभेच होते. "म्हणजे हे बीपी धरायचं की नाही?" ते मॅडमना विचारत होते.

आता गप्प राहिलं तर दिवाळीनंतर. तुळसाबाईनं तोंड उघडलं. "साहेब, बीपी माहंच हाये न? तिनं काही आपल्या अंगातलं आणून मले लावलं नाई."

डॉक्टरांनी मॅडमकडं पाहिलं, मॅडमनी डॉक्टरांकडं. मॅडमना हसू आवरेना. "पुन्हा मोजा," त्या म्हणाल्या. "यांना वर बसवा आणि मोजा."

मेहरबीला धरून बाहेर काढलं, खाटेच्या पायथ्याशी बसवलं. तिनं सगळ्यांच्या देखत तुळसाबाईचे पाय मांडीवर घेतले. पहिल्यांदा बीपी वर निघालं, भीतीनं. डॉक्टर म्हणाले, थांबू. सगळे थांबले. मेहरबीनं बाजारातल्या एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली, जिच्या हातात बांगडी अडकली होती आणि जी बांगडीसकट पळाली. गोष्ट संपेपर्यंत पट्टा पुन्हा बांधला होता.

"उद्या करू," डॉक्टर म्हणाले. "उद्या सकाळीही या बाई इथंच बसतील."

तुळसाबाईनं सुचिताला जवळ बोलावलं. "पोरी, तुह्यं नुसकान झालं. पण समोरची उपाशी अन् आपण जेवायचं, हे आमाले जमत नाई व."

मॅडम म्हणाल्या, "सुचिता, जसं झालं तसं लिही. एकही गोष्ट झाकू नको. आणि नव्यानं सुरू कर." पुढं सुचितानं दुसऱ्या दवाखान्यात सगळं पुन्हा केलं, दोन्ही रांगांच्या बाया एकमेकींना दिसणार नाहीत अशा खोल्यांत. पायांऐवजी हातांची मालीश ठेवली, लिलाबाईच्या धर्मासाठी. पास झाली. मॅडम सांगत, तिच्या लिखाणात सगळ्यात जास्त वाचलं गेलं ते बिघडलेल्या अभ्यासाचंच प्रकरण.

शनिवारी गाडीवर घालून तुळसाबाईला आत नेलं. मेहरबी दारापर्यंत आली, पुढं तिला सोडेनात. दार लागलं आणि तुळसाबाईचे पाय गार पडले. वरचे दिवे, तोंडं बांधलेली माणसं, आणि यंत्राची टिकटिक भराभर वाढायला लागली. भूल देणारे डॉक्टर काही तरी पुटपुटले.

मग कुणीतरी तिचे तळवे धरले. हिरव्या कपड्यांत, तोंड बांधलेली, पण डोळ्यांवरून तिनं ओळखलं. सुचिता.

"पोरी, मी तर त्या रांगेतली नाई न व."

"तुम्ही आता कोणत्याच रांगेत नाही, आजी."

"असं नोको बोलू माय, भूल द्यायच्या टायमाले."

सुचिता हसली, भुलीचे डॉक्टर हसले. टिकटिक हळूहळू सावकाश झाली. तुळसाबाई बडबडली की नाही, हे तिला कुणीच सांगितलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही.

डोळे उघडले तेव्हा ती आपल्या खाटेवर होती. पायथ्याशी बापूराव अवघडून बसले होते आणि मेहरबी त्यांना तळवा कसा चोळायचा ते दाखवत होती. "अंगठ्यानं, भाऊ. मेथी उपटल्यासारखं नाई."

महिन्याभरात मेहरबीची साखर उतरली आणि तिचे खडे निघाले. त्या दिवशी तुळसाबाई रिठदहून पहिल्या बसनं आली होती आणि दार लागेपर्यंत तिचे पाय धरून उभी होती. त्यानंतर वाशीमच्या बाजाराला आली, की भाजी विकून उरलेला वेळ ती बांगड्यांच्या दुकानातच काढायची.

मेहरबी दोन हजार चोवीस साली, मोहरमच्या महिन्यात, एका शुक्रवारी पहाटे झोपेतच वारली. तुळसाबाईच्या घरात आकड्यानं मोजतात ते तेवढं एकच साल.